बूथवर बसणारा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणुकीच्या प्रचारात स्वयंसेवक म्हणून काम करायचे म्हणजे झेंडा घेऊन फेरीत चालायचे, अशी अनेक तरुणांची समजूत असते. फेरीला माणसे लागतातच. पण ज्या कामाला खऱ्या अर्थाने स्वयंसेवकच हवा, ते मतदान केंद्राच्या आत, भिंतीलगतच्या बाकावर बसून करायचे असते. कायदा त्याला मतदान प्रतिनिधी म्हणतो; आपण त्याला ‘बूथवर बसणारा’ म्हणतो.

मतदान सकाळी सातला सुरू होणार असेल, तर या माणसाने साडेपाचला हजर असले पाहिजे, कारण त्या वेळी अभिरूप मतदान होते. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर किमान ५० मते टाकली जातात, त्यांची बेरीज व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेले मत कागदावर छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी जुळवून पाहिली जाते, आणि मग ती सारी मते पुसून, चिठ्ठ्या काढून घेऊन यंत्र मोहोरबंद केले जाते. यंत्राविषयी ज्यांच्या मनात शंका आहे, त्यांनी एकदा तरी त्या पहाटे तिथे बसावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पुढचा सारा दिवस यादीचा असतो. मतदान अधिकारी नाव पुकारतो, प्रतिनिधी आपल्या प्रतीवर खूण करतो, आणि आलेली व्यक्ती ती नव्हेच असे वाटले तर दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. यासाठी मात्र माणसे ओळखीची असावी लागतात. रोजंदारी देऊन दुसऱ्या वस्तीतून आणून बसवलेल्या मुलाला कोण मयत आहे, कोण लग्न होऊन सासरी गेली आहे, कोणाचे नाव दुबार लागले आहे, हे कसे कळणार? ही ओळख पैशाने मिळत नाही, आणि म्हणूनच हे काम शेजाऱ्यापाजाऱ्यांत वावरणाऱ्या कार्यकर्त्याचेच आहे.

त्याची सुरुवात मतदानाच्या कितीतरी महिने आधी, यादी घेऊन घरोघर जाण्यापासून होते. नाव नसेल त्याला नमुना ६ भरून द्यावा, चूक असेल किंवा घर बदलले असेल त्याला नमुना ८. आमच्या वस्तीतल्या एका आजींचे नाव घरासमोरच्या शाळेऐवजी लांबच्या केंद्राच्या यादीत गेले होते. रांगेत उभे राहून, नाव नाही असे ऐकून त्या परतल्या आणि पुन्हा बाहेर पडल्याच नाहीत. मी तेव्हा महिनाभर प्रचारात फिरत होतो, पण आमच्या भागाची यादी एकदाही उघडून पाहिली नव्हती. त्याची खंत मला आजही आहे.

संध्याकाळी मतदान संपले की बरेच प्रतिनिधी थकून निघून जातात. त्यांनी मुळीच जाऊ नये. केंद्राध्यक्ष नोंदवलेल्या मतांचा हिशेब फॉर्म १७-सीवर लिहितात आणि त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला देतात. यंत्राचा क्रमांक आणि एकूण मते त्यावर असतात. तो कागद घडी न मोडता त्याच रात्री उमेदवाराच्या कार्यालयात पोहोचवावा, कारण मतमोजणीच्या दिवशी टेबलासमोर बसलेला आपला सहकारी यंत्रावरचा आकडा त्याच्याशीच ताडून पाहणार असतो.