घशातला बेडूक, घशातले मांजर

आवाज घोगरा झाला की इंग्रज माणूस घशात बेडूक असल्याचे सांगतो. फ्रेंच माणसाच्या घशात त्याच वेळी मांजर शिरलेले असते. ही दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली, तर प्राण्यांच्या अदलाबदलीपेक्षा महत्त्वाचा एक फरक नजरेस पडतो. इंग्रजीत ‘इन माय थ्रोट’, म्हणजे ‘माझ्या घशात’, असे म्हणावे लागते. फ्रेंचमध्ये ‘दाँ ला गोर्ज’ एवढेच पुरते, कारण शरीराच्या अवयवांपुढे ती भाषा बहुधा ‘माझा-तुझा’ न लावता निश्चित उपपद, म्हणजे इंग्रजी ‘द’सारखा शब्द, लावते. फ्रेंच शिकणारा विद्यार्थी प्राणी बिनचूक लक्षात ठेवतो आणि अडखळतो तो या लहानशा शब्दापाशी.

सगळेच वाक्प्रचार असे दूरचे नाहीत. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या दरबारात फ्रेंच रुळली आणि असंख्य शब्द इंग्रजीत आले. ही ये-जा पुढेही चालूच राहिली. ‘इट गोज विदाउट सेइंग’, म्हणजे ‘हे सांगायलाच नको’, हे तर ‘सला व्हा साँ दीर’ या फ्रेंच वाक्याचे शब्दशः रूप आहे. शिवाय बायबल दोघींचेही. एखाद्या प्रकरणातून अंग काढून घेणारा माणूस दोन्ही भाषांत हात धुऊन मोकळा होतो, कारण येशूच्या शिक्षेच्या वेळी रोमन सुभेदार पिलातने हात धुतल्याची मत्तयच्या शुभवर्तमानातील कथा दोघींनीही वाचलेली आहे. खोटे रडणाराही दोन्हीकडे मगरीचेच अश्रू ढाळतो.

खरा धोका दिसायला सारख्या असलेल्या जोड्यांत असतो. इंग्रजीत ‘ओव्हर द मून’ असलेला माणूस आनंदाने हरखून गेलेला असतो. फ्रेंचमध्ये ‘दाँ ला ल्यून’, म्हणजे चंद्रावर, असलेल्या माणसाचे मात्र समोरच्या बोलण्याकडे लक्षच नसते. परीक्षेत उत्तम गुण मिळवलेल्या मुलीबद्दल हे दुसरे वाक्य वापरले, तर कौतुकाऐवजी तक्रार ऐकू येईल. याद्यांमध्ये इंग्रजी वाक्प्रचार आणि त्याचा फ्रेंच जोडीदार एकाच ओळीत छापण्याची पद्धत सोयीची खरी, पण प्रसंग सांगितलाच नाही तर तीच फसवी ठरते.

काही वाक्प्रचारांना तर इंग्रजीत तसे जिवंत चित्रच सहसा सापडत नाही. भरकटलेले बोलणे मुद्द्यावर आणताना फ्रेंच माणूस ‘आपल्या मेंढ्यांकडे परत येऊ’ असे म्हणतो. पंधराव्या शतकातील एका प्रहसनात कापडाचा व्यापारी मेंढ्या चोरणाऱ्या धनगराविरुद्ध न्यायालयात उभा राहतो आणि पाहतो तो काय, धनगराचा वकील पातलँ हाच त्याचे कापड लुबाडून गेलेला भामटा! मग तो कधी मेंढ्यांविषयी तर कधी कापडाविषयी बोलू लागतो, आणि वैतागलेला न्यायाधीश त्याला पुन्हा पुन्हा मेंढ्यांकडे वळवतो. ही हकिकत एकदा ऐकलेल्या विद्यार्थ्याला तो वाक्प्रचार घोकावा लागत नाही.

निरोप न घेता निसटण्याचा दोष मात्र दोन्ही भाषांनी एकमेकींवर ढकलला आहे: इंग्रज ‘फ्रेंच रजा’ घेतो, तर फ्रेंच माणूस ‘इंग्रजी पद्धतीने’ पसार होतो. तरीही ही जोडी तंतोतंत जुळत नाही. फ्रेंच प्रयोगात पाहुणा मेजवानीतून गुपचूप निघून गेलेला असतो. इंग्रजी प्रयोगात तो परवानगीवाचून कामावरूनही गैरहजर असू शकतो.