हलला तो गेला

(रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘पोर्टेबल हार्ड डिस्कची प्रवासातील काळजी’. समोर बागायतदार मंडळी बरीच दिसतायत, तेव्हा आंब्याच्या पेटीपासून सुरुवात करतो.

पावसजवळ माझे काका हापूसच्या पेट्या भरायचे. तेव्हा लाकडी पेटी असायची. तळाला पेंढा, त्यावर फळांचा थर, फटींतून पुन्हा पेंढा, वर दुसरा थर. झाकण ठेवलं की खिळे ठोकण्याआधी काका पेटी दोन्ही हातांनी उचलून कानाशी न्यायचे आणि हलकेच हलवायचे. आतून ‘खुडुक’ एवढं जरी ऐकू आलं तरी झाकण निघायचं, अजून मूठभर पेंढा जायचा. “हलला तो गेला,” एवढंच बोलायचे. फळाला बाहेरून कोण मारतंय याची त्यांना फारशी चिंता नसे. आतल्या आत फळ फळावर आपटलं की वाशीला पेटी उघडेपर्यंत डाग पडलेला असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

हे मला पन्नाशीत समजलं, आणि फार महाग पडलं. तेही सांगतो, कारण त्याशिवाय आजच्या बोलण्याला अर्थ नाही.

मी गेली वीस वर्षं नमन-खेळ्यांचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या शिमग्याच्या लोकनाट्याचं, चित्रीकरण करतोय. २०१५ च्या शिमग्यात देवरुखच्या बाजूच्या एका गावी रात्रभर होतो. गण झाला, गौळण झाली, संकासुर येऊन पोरांना पळवून गेला, वग पहाटेपर्यंत चालला. मृदंगावर ऐंशीच्या घरातले एक आजोबा होते. डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली, आणि बोटं अशी की तरुण मृदंगी आपला हात थांबवून त्यांच्याकडे बघत राहिला. ते गणाचे जुने बोल म्हणायचे. त्यांच्याशिवाय गावात ते कुणाला येत नव्हते.

सकाळी टेंपोत बसलो. वेळ वाचावा म्हणून लॅपटॉप मांडीवर उघडला, डिस्क जोडली आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवरचं चित्रण तिच्यावर उतरवायला लावलं. एकेक कार्ड उतरलं की ते पुसून पिशवीत टाकत होतो, दुपारी दुसऱ्या गावी लागणार होती ना! एका वळणावर टेंपो खड्ड्यात गेला. डिस्क मांडीवरून घसरून पत्र्यावर पडली. वीतभर उंचीसुद्धा नसेल. वायर तशीच जोडलेली. मग आतून आवाज सुरू झाला. टक्... टक्... टक्. तुमच्यापैकी ज्यांनी तो ऐकलाय त्यांनी हात वर करा. बघा, किती हात आहेत!

पुण्यात एका जाणकाराने ती उघडून दाखवली. आरशासारखी चकती, आणि तिच्यावर एक बारीक गोल ओरखडा. त्या ओरखड्यात आजोबांचा गण गेला. पुढच्या शिमग्याला आजोबा नव्हते.

आता असं का झालं? या छोट्या डिस्कची चकती साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. वाचणारं डोकं, ज्याला हेड म्हणतात, चकतीला न टेकता काही नॅनोमीटर वरून तरंगतं. आपला केस त्या अंतराच्या हजारो पट जाड. डिस्क बंद होताना हे हेड चकतीवरून बाजूला सरून एका छोट्या उतरणीवर जाऊन बसतं. म्हणून बंद डिस्क चालू डिस्कपेक्षा कितीतरी जास्त हिसका सोसते. माझी चालू होती.

थोडा इतिहास, कारण माझी एक तक्रार आहे. १९५६ मध्ये आयबीएमची पहिली डिस्क आली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची सुमारे ५० लाख अक्षरं. ती कोण कुठे नेणार? १९६२ मध्ये त्याच कंपनीने काढता-घालता येणारा चकत्यांचा गठ्ठा आणला. सहा चकत्या, वजन साडेचार किलोच्या आसपास. त्याला स्वतःचं झाकण होतं, झाकणाला मूठ होती. गठ्ठा यंत्रात बसला की झाकण निघायचं, बाहेर काढताना पुन्हा चढायचं. झाकण हा त्या वस्तूचाच भाग होता. आज आपण दुकानातून डिस्क घेतो तेव्हा खोक्यात एक वायर आणि न वाचला जाणारा कागद मिळतो. प्रवासाची पेटी नाही. ती आपणच करायची असते हेसुद्धा कुणी सांगत नाही!

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. मुख्य विषय आता भरभर सांगतो.

टेबलाची उंची ७५ सेंटिमीटर धरा. तिथून पडलेली वस्तू फरशीवर एका मिलिमीटरात थांबली तर सरासरी हिसका गुरुत्वाकर्षणाच्या ७५० पट. तीच फोममध्ये २५ मिलिमीटर रुतत थांबली तर ३० पट. मऊपणाचं सगळं काम इतकंच, थांबायला जागा देणं. म्हणून बाहेरून कडक डबा, आत सगळ्या बाजूंनी दोन बोटं फोम. फोम दाबला जाईल इतका मऊ हवा. दगडासारखा नको, आणि डिस्क खडखडेल इतका सैलही नको.

डिस्क आधी संगणकाच्या पडद्यावरून रीतसर ‘इजेक्ट’ करा, मग अर्धा मिनिट हातही लावू नका, चकती थांबू द्या. वायर काढूनच डब्यात ठेवा. अडकलेली वायर तरफेसारखी जोडणी उखडते.

आपल्याकडचा खरा शत्रू दमट हवा. बहुतेक छोट्या डिस्कांना गाळणी लावलेलं श्वासाचं छिद्र असतं, त्या हवाबंद नसतात. वातानुकूलित गाडीतून पावसाळ्यात उतरलात की थंड डिस्कवर दव धरतं. म्हणून उतरण्याआधीच डिस्क बंद पिशवीत ठेवा, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका, आणि घरी पोचल्यावर पिशवी न उघडता तासभर राहू द्या, मग जोडा.

एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, हिच्यात फिरणारं काही नसतं, हिसक्याला ती पुष्कळ बरी. पण वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवू नका, आतला विद्युतभार हळूहळू गळतो. आणि दोन प्रती दोन वेगळ्या गाड्यांतून न्या. दुसरी प्रत सुखरूप पोचेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. मी पुसलं होतं.

वेळ संपला. हा माझा डबा, आत डिस्क आहे. टेबलाच्या कडेला ठेवतोय. जाताना एकेकाने उचला, कानाशी धरा आणि हलवून बघा. कुणाला ‘खुडुक’ ऐकू आलं तर मला थांबवून सांगा, उद्या पहाटे हाच घेऊन मी संगमेश्वरला निघतोय.