घर बुडवणारा दगड

नमस्कार श्रोतेहो. आज दगडांविषयी बोलायचंय. चिनी बागेतल्या दगडांविषयी.

सुझौ शहराजवळ थाय नावाचं मोठं सरोवर आहे. तिथला दगड चुनखडीचा, पाण्यानं पोखरून पोखरून चाळण झालेला. हजारेक वर्षांपासून तिकडचे पंडित, अंमलदार असे दगड हौसेनं जमवत आले. मोठा असला की बागेत उभा करायचा, लहान असला की लाकडी बैठकीवर बसवून मेजावर ठेवायचा. पारखायच्या खुणा चार. सडपातळ अंग, सुरकुत्या, आत पाण्याच्या वाटा आणि आरपार भोकं. पुन्हा सांगतो हं: सडपातळ, सुरकुतलेला, पोखरलेला, आरपार. गुळगुळीत ठोकळ्याला तिथे किंमत नाही.

आता ही सगळी निसर्गाचीच करणी समजू नका. भोकं कमी पडली तर छिन्नीनं पाडायची, दगड परत पाण्यात सोडायचा, आणि लाटांनी घाव बुजवले की वर काढायचा! आपल्याकडे पाट्याला टाकी लावतात ती निदान उघडउघड. (पाट्यावरून आठवलं, मिक्सरमधल्या चटणीला मी चटणी म्हणत नाही. असो.)

तर गोष्ट. मिंग राजवटीच्या अखेरीस वानचोंग नावाचे एक अधिकारी होते. आडनाव त्यांचं ‘मी’, तेव्हा गोंधळ नको, आपण वानचोंगच म्हणू. दगडांचं भयंकर वेड. बीजिंगच्या नैर्ऋत्येला फांगशानच्या डोंगरात त्यांना एक निळसर शिळा दिसली. आठ मीटर लांब, चार मीटर उंच! ही माझ्या बागेत हवी, म्हणाले. सांगतात की वाटेत विहिरी खणल्या, भर थंडीत रस्त्यावर पाणी ओतलं, बर्फ झाला की त्यावरून शिळा ओढायची. माणसं लावली, घोडे लावले, पैसा पाण्यासारखा गेला. आणि निम्म्या वाटेत, ल्यांगश्यांगला, सगळं थांबलं. शिळा रस्त्याकडेला पडली. लोक म्हणाले, या दगडानं घर बुडवलं.

दुसरी एक हकीकत अशी की दरबारात वेई चोंगश्येन या खोजाची चलती होती, त्याच्याशी वाकडं आल्यामुळे वानचोंगांची नोकरी गेली. मला विचाराल तर हेच खरं असावं. सत्तेला नाव ठेवता येत नाही, दगडाला ठेवता येतं.

शंभराहून जास्त वर्षं शिळा तिथेच. मग चिएनलोंग बादशहानं ती पाहिली. आईच्या साठीनिमित्त, १७५१ च्या सुमारास, तो नवी बाग उभारत होता. आज तिला समर पॅलेस म्हणतात. आणा ती शिळा, हुकूम सुटला. आणली, तर दारातून आत जाईना. दार फोडलं. आईसाहेब कडाडल्या: आधी त्या घराचं वाटोळं केलं, आता माझं दार फोडलं, असला अपशकुनी दगड हवा कशाला? मग कुणा चतुर दरबाऱ्यानं सांगितलं, दगड आयुष्य वाढवणाऱ्या अळंबीसारखा दिसतो, म्हणजे शुभच की! आईसाहेब खुलल्या. अळंबीवरूनच शिळेला नाव मिळालं, छिंगचीश्यू.

आणि बादशहानं ते नाव शिळेवर कोरून घेतलं. आपल्या गडांवर बदाम काढून नावं कोरणाऱ्यांना मी नेहमी शिव्या घालतो. या बादशहालाही त्यांतून सूट नाही.