एव्हबरी: वेढ्यातलं गाव

[धुकं. शिळेला अंग घासणारी मेंढी.]

ही मेंढी जिला अंग घासते आहे, ती शिळा सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसांनी उभी केली. इथं कुंपण नाही, तिकीट नाही. हात लावला तरी कुणी हटकत नाही.

[वरून घेतलेलं दृश्य: वर्तुळ, घरं, रस्ता.]

इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातलं एव्हबरी. शिळांचं जगातलं सर्वांत मोठं वर्तुळ. गाव त्याच्या शेजारी नाही. त्याच्या आत शिरलेलं आहे. गावचा पबसुद्धा वर्तुळात! आवार सुमारे २८ एकरांचं, आणि बाहेरच्या रांगेत एके काळी शंभराच्या आसपास शिळा.

[खंदकाचा उतार.]

आज ही नुसती गवताळ घळ वाटते. मूळ खंदक सुमारे ९ मीटर खोल, थेट पांढऱ्या चॉकमध्ये, म्हणजे मऊ चुनखडकात, उतरवलेला. लोखंड अजून यायचं होतं. हरणाचं शिंग हीच कुदळ. उपसलेल्या चॉकचा तो तट तेव्हा दुरूनही पांढराशुभ्र दिसत असणार.

[घराची भिंत, अगदी जवळून.]

आता ही भिंत बघा. करडी, खरबरीत. दगड तोच, वर्तुळातल्या शिळांचा: सार्सन, म्हणजे टणक वालुकाश्म.

सतराव्या-अठराव्या शतकात गावाला शेत मोकळं हवं होतं आणि घराला दगड हवा होता. पण सार्सन सहजी फुटत नाही. मग शिळेभोवती खड्डा खणायचा, ती त्यात आडवी पाडायची, खाली पेंढा पेटवायचा. दगड चांगला तापला, की जिथं तोडायचा तिथं रेघ ओढावी तशी गार पाण्याची धार सोडायची. आणि त्या रेघेवर घण.

प्राचीन अवशेषांचा अभ्यासक विल्यम स्ट्यूकली १७१९ ते १७२४ या काळात इथं पुन्हा पुन्हा आला. समोर शिळा फुटत होत्या; हा त्यांच्या जागा टिपून ठेवत होता.

[जुनी छायाचित्रं: ओंडके, दोर, कलती शिळा.]

काही शिळा मात्र त्याआधीच, मध्ययुगात, जमिनीत पुरल्या गेल्या होत्या. पुरल्या, म्हणून वाचल्या. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या, मार्मलेड (संत्र्याचा मुरांबा) बनवणाऱ्या घराण्यातला अलेक्झांडर केलर १९३० च्या दशकात त्या शोधू लागला. शिळेचा मूळ खळगा हुडकायचा, ओंडके आणि दोर लावून तिला इंचाइंचानं उभं करायचं, बुडाशी काँक्रीट भरायचं. १९३८ मध्ये एका शिळेखाली माणसाचा सांगाडा निघाला. सोबत कात्री आणि चौदाव्या शतकाच्या आरंभीची नाणी. तेव्हापासून ती 'न्हाव्याची शिळा'.

वेढा मोकळा करण्यासाठी आतली काही घरं पाडली गेली, माणसं बाहेर राहायला गेली. पुढं युद्ध आलं, काम थांबलं.

[काँक्रीटचे बुटके खांब, सावल्या लांबलेल्या.]

जी शिळा मिळालीच नाही, तिच्या जागी हा खांब. लोक वळसा घालून जातात, फोटो शिळांचे काढतात. आम्ही मात्र कॅमेरा इथंच जास्त वेळ लावला.

[उत्तरेचं तोंड. रस्त्याला खेटून उभी, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची शिळा.]

ही स्विंडन शिळा. वजन ६० टनांच्या वर. कुणी पाडली नाही, पुरली नाही. उभी केली त्या दिवसापासून इथंच आहे.

[बस शिळेजवळून वळते. फक्त इंजिनाचा आवाज.]