गोळी चालू की गोळी बंद? सीएलएलची दहा वर्षं

(दृश्य: मायक्रोस्कोपखालची काच, जांभळ्या ठिपक्यांची गर्दी)

हे जे जांभळे गोल ठिपके दिसतायत ना, त्या लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. आणि मधेमधे कुणीतरी बोटाने पुसल्यासारखे डाग आहेत ती घाण नाहीये, रक्त काचेवर पसरवताना फुटलेल्या पेशी आहेत त्या, स्मज सेल म्हणतात. काचेवर नुसतं ओढलं तरी फुटतात इतक्या नाजूक, आणि शरीरात मात्र मरायचं नाव घेत नाहीत.

हा क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात सीएलएल. बहुतेक वेळा साठी-सत्तरीत सापडतो, तोही दुसऱ्याच कशासाठी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, केलेली असताना. पांढऱ्या पेशींचा आकडा बघून घरचे हादरलेले, आणि डॉक्टर म्हणतात की आत्ता काही द्यायचं नाही, नुसतं लक्ष ठेवू. ब्लड कॅन्सर म्हणता आणि औषध नाही म्हणता? कुणाच्याच पचनी पडत नाही हे, पण त्रास नसताना लवकर औषध सुरू करून आयुष्य वाढतं असं काही दिसलेलं नाही, म्हणून थांबतात.

पण कधीतरी गाठी वाढतात, हिमोग्लोबिन पडतं, आणि मग गोळी येते. या गोळीची गोष्ट सुरू होते एका लहान मुलापासून.

(दृश्य: जुना कृष्णधवल फोटो)

1952 साली अमेरिकेच्या लष्करी हॉस्पिटलातले बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रूटन यांनी एका 8 वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. पोरगा सारखा आजारी पडायचा, तपासलं तर रक्तात अँटिबॉडी जवळजवळ नाहीतच. पुढे 1993 मध्ये या आजारामागचं एन्झाइम सापडलं, त्याला नाव पडलं ब्रूटन टायरोसिन कायनेज, बीटीके. ते बिघडलं की बी पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या लिम्फोसाइट, तयारच होत नाहीत. सीएलएलमध्ये नेमकं उलटं, बी पेशींचा नुसता पूर आलेला, मग मुद्दामच ते एन्झाइम अडवलं तर? त्यातून इब्रुटिनिब आलं, 2014 मध्ये अमेरिकेत सीएलएलसाठी मंजूर झालं.

आता इथे एक गोष्ट सांगतो, कारण लोक इथेच घाबरतात. गोळी सुरू केली की पहिल्या काही आठवड्यांत पांढऱ्या पेशींचा आकडा उतरायच्या ऐवजी वर जाऊ शकतो. गळ्यातली गाठ हाताला लहान लागतेय आणि रिपोर्टमध्ये काउंट दुप्पट! होतं काय, गाठींमध्ये चिकटून बसलेल्या पेशी सुटून रक्तात येतात. गोळी काम करतेय म्हणून आकडा वाढलाय.

बरं, दीर्घकाळात काय झालं? 65 च्या पुढच्या 269 पेशंटचा एक अभ्यास झाला, निम्म्यांना इब्रुटिनिब, निम्म्यांना क्लोरॅम्ब्युसिल ही जुनी केमोची गोळी. 10 वर्षांपर्यंत माग ठेवला. जुन्या गोळीवर निम्म्या लोकांचा आजार साधारण 1.3 वर्षांत पुन्हा पुढे सरकला, इब्रुटिनिबवर तेवढं व्हायला 8.9 वर्षं लागली. आणि हे लोक सुरुवातीलाच सत्तरीच्या पुढचे होते, विचार करा.

पण मला विचाराल तर 8.9 च्या आकड्याइतकंच महत्त्वाचं हे की अभ्यास संपला तेव्हा गोळी चालू असलेले लोक साधारण चौथा हिस्साच उरले होते, आणि आजार वाढला म्हणून गोळी सोडणाऱ्यांपेक्षा त्रासामुळे सोडणारे जास्त. कुणाचं बीपी वाढतं, कुणाच्या हातावर उगाच काळेनिळे डाग, कुणाचे हृदयाचे ठोके अनियमित. रोज घ्यायची, वर्षानुवर्षं, आणि खर्च वेगळाच. ग्रेपफ्रूट बंद, कारण त्यातल्या द्रव्यांमुळे रक्तात औषध जास्त साठतं, पपनसातही तीच द्रव्यं असतात म्हणून गणपतीत सगळे फोडी खातात आणि हे नुसतं बघत बसणार. नंतर आलेल्या, बीटीकेच अडवणाऱ्या ॲकॅलाब्रुटिनिबने हृदयाचा त्रास कमी झाला, एका थेट तुलनेत ठोके बिघडण्याचं प्रमाण 16 वरून 9.4 टक्क्यांवर आलं, तरी रोजची गोळी ती रोजचीच.

(दृश्य: गोळ्यांचं पाकीट, वेगवेगळ्या आठवड्यांच्या पट्ट्या)

दुसरा रस्ता व्हेनेटोक्लॅक्सचा. सीएलएलच्या पेशी बीसीएल-2 नावाच्या प्रोटीनच्या जोरावर मरण टाळतात, हे औषध तो आधारच काढून घेतं. इतक्या झपाट्याने की सुरुवातीच्या चाचण्यांत पेशी एकदम फुटून रक्तात पोटॅशियम, युरिक ॲसिड वाढलं आणि काही पेशंट दगावले. म्हणून आता पहिल्या आठवड्यात फक्त 20 मिलिग्रॅम, मग 50, 100, 200, आणि पाचव्या आठवड्यात 400, सोबत भरपूर पाणी आणि सारखी रक्ततपासणी.

जर्मनीतल्या गटाने केलेल्या चाचणीत 432 पेशंट होते, वयस्कर, इतर आजार असलेले. निम्म्यांना ओबिनुटुझुमॅब या अँटिबॉडी औषधाच्या सलाइनसोबत व्हेनेटोक्लॅक्स, आणि साधारण वर्षभरात गोळी बंद. हे 'बंद' महत्त्वाचं. सहा वर्षांनी बघितलं तर या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा आजार पुढे सरकलेला नव्हता, म्हणजे पाच वर्षं काहीही औषध न घेता.

सगळ्यांचं असं नाही हं. ज्यांच्या पेशींत टीपी53 हे बिघडलेल्या पेशींना आवर घालणारं जीनच बिघडलेलं असतं, त्यांच्यात निम्म्यांचा आजार 4 वर्षं आणि वर थोडे महिने एवढ्यातच पुढे सरकला. अशांना रोजची बीटीकेची गोळीच जास्त काळ साथ देते असं बरेच डॉक्टर मानतात. म्हणून औषध सुरू करायच्या आधी फिश टेस्ट (पेशींच्या क्रोमोसोममधले बिघाड शोधणारी) आणि टीपी53 चा रिपोर्ट हातात हवा, आणि तो जुना नको, कारण मधल्या वर्षांत पेशी बदलतात.

वर्षभराची गोळी संपवलेल्या माणसाचं सीबीसी तीन-तीन महिन्यांनी चालूच राहतं. काउंट हळूहळू वर सरकायला लागला तरी लगेच गोळी नाही, पुन्हा तेच, नुसतं लक्ष ठेवायचं, जसं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. फरक एवढाच की आता घरचे हादरत नाहीत, रिपोर्ट आला की आधी हिमोग्लोबिन बघतात, मग प्लेटलेट, आणि पांढऱ्या पेशींचा आकडा सगळ्यात शेवटी.