भिंतीवरचं शेत

नमस्कार श्रोतेहो. आज आपण दक्षिण आफ्रिकेच्या पोटात वसलेल्या लेसोथो या छोट्या डोंगराळ देशातल्या घरांच्या भिंतींबद्दल बोलणार आहोत. चारही बाजूंनी दुसऱ्या एकाच देशाने वेढलेला हा देश. त्याचा सगळ्यात सखल भागसुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे 1400 मीटर उंच. इथले लोक बासोथो, भाषा सेसोथो. लेसोथोत आणि दक्षिण आफ्रिकेच्या शेजारच्या फ्री स्टेट प्रांतात बासोथो बायका घराच्या मातीच्या भिंतींवर जे कोरतात आणि रंगवतात, त्याला लेसोथोत लिहिताना ‘लितेमा’ लिहितात आणि बोलताना ‘दितेमा’ म्हणतात. सेसोथोत ‘लि’चा उच्चार ‘दि’ होतो. आपण कानांनी ऐकतो आहोत, तेव्हा दितेमाच म्हणू.

हा शब्द नांगरण्यासाठीच्या ‘हो लेमा’ या क्रियापदापासून आला. ‘तेमा’ म्हणजे नांगरलेलं रान. ओल्या गिलाव्यावर काट्याने ओढलेल्या समांतर रेघा दिसतातही तशाच, नुकती तासं पडलेल्या शेतासारख्या. शेताला पाऊस लागतो, तसा या भिंतीलाही लागतो. ‘खोत्सो, पुला, नाला’, म्हणजे शांती, पाऊस, समृद्धी, हे लेसोथोचं राष्ट्रीय बोधवाक्य आहे. भिंतीवरची नक्षी पूर्वजांना, म्हणजे ‘बादिमों’ना, आवाहन असते. घर जागं आहे, बाई आपलं काम करते आहे, आता पाऊस पाठवा, असं ते मागणं. मग पाऊस येतो आणि नक्षी धुऊन नेतो. आपण म्हणू, मेहनत पाण्यात गेली. तिथे ते पूर्वजांचं उत्तर मानतात. हे एक ध्यानात ठेवलं, की पुढची सगळी कृती आपोआप उलगडते. टिकाऊपणा हा या कलेचा हेतूच नाही.

आता माती. शेणामातीने भुई सारवलेल्या हातांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पण भुई आडवी असते, भिंत उभी. भुईवर चालून जाणारं मिश्रण भिंतीवर घसरतं. म्हणून आधी माती पारखायची. पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती घ्या, वर पाणी भरा, चिमूटभर मीठ टाका, खूप हलवा आणि एक दिवस ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, त्यावर गाळ, सगळ्यात वर चिकणमाती. चिकणमातीचा थर एकूण मातीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असला, तर माती कामाची. जास्त असली तर सुकताना आकसते आणि भेगा पडतात, तेव्हा वाळू वाढवा. कमी असली तर हात फिरवताच भुगा निघतो, तेव्हा चिकणमाती घाला.

खालच्या थराला एक घमेलं चिकणमाती, दोन ते तीन घमेली वाळू आणि अर्धं घमेलं ताजं शेण, इथून सुरुवात करावी. शेणातले गवताचे तंतू भेगा धरून ठेवतात. जुनं, वाळलेलं शेण तितकं उपयोगी नाही, त्यातला चिकटपणा गेलेला असतो. कालवलेला चिखल निदान एक रात्र झाकून मुरू द्यावा, दोन-तीन दिवस ठेवला तर आणखी चांगलं. तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच भिंतीवर बारा मिलिमीटरचा थर द्यायचा, तर 72 लिटर चिखल लागतो, म्हणजे आठ-नऊ घमेली. कोरडी माती मात्र यापेक्षा जास्त मोजावी, पाणी पडल्यावर ती बसते.

लिंपण्याआधी भिंत भिजवायलाच हवी. कोरडी भिंत नव्या चिखलातलं पाणी ओढून घेते, मग थर खालून सुटतो आणि पोपडे येतात. काम तळहाताने करायचं आणि दाबून करायचं. हा थर पूर्ण सुकला की वर तीन मिलिमीटरचा बारीक थर द्यायचा. त्यासाठी दोन भाग चाळलेली माती आणि एक भाग शेण. नक्षी याच थरात कोरतात. कडक ऊन टाळावं, आणि कडक थंडीही. लेसोथोत जून-जुलैत रात्री पाणी गोठतं. गिलावा ओला असताना आतल्या पाण्याचा बर्फ झाला, तर तो फुगतो आणि सकाळी सगळा थर हातात येतो. त्यामुळे दिवस नीट निवडावा लागतो. नाताळ, ईस्टर, घरातलं लग्न, मुलामुलींचे दीक्षाविधी, ही भिंती नव्याने लिंपण्याची निमित्तं.

कोरायची वेळ कशी ओळखायची? अंगठा दाबून बघा. ठसा उमटला पाहिजे, पण चिखल अंगठ्याला लागता कामा नये. घाई केली तर काटा माती ओढत नेतो आणि रेघेच्या दोन्ही काठांना गुठळ्या होतात. उशीर झाला तर काठ तुटतात. म्हणून अख्खी भिंत एकदम लिंपू नये, तेवढ्या वेळात कोरून होईल तेवढाच तुकडा घ्यावा. हत्यार म्हणजे जेवणाचा साधा काटा, नाहीतर कंगवा, काडी किंवा बोटं. रेघ दोन मिलिमीटरच खोल असावी, खालचा थर दिसू नये.

हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या. एक मोठा चौकोन काढा आणि त्याचे चार सारखे चौकोन करा. वरच्या डाव्या चौकोनात डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढा आणि मधल्या बिंदूकडचा अर्धा भाग रेघांनी भरा. आता शेजारच्या चौकोनात तेच चित्र आरशात दिसेल तसं काढा, आणि खालच्या दोन चौकोनांत वरच्यांचं प्रतिबिंब, पाण्यात पडावं तसं. मधे भरलेला शंकरपाळा तयार झाला असेल. हाच गट भिंतभर पुन्हा पुन्हा मांडायचा. कधी आरशाऐवजी चौकोन पाव-पाव फिरवतात. मग पहिल्या चौकोनात पान किंवा वळण असलं तर चार चौकोनांची भिंगरी होते. मोझांबिकचे गणिती पाउलुस गेर्डेस यांनी या सममितींचा बारकाईने अभ्यास केला. भिंतीवर चूक होते ती बहुतेक मोजमापात. चौकोन थोडे थोडे लहान-मोठे झाले की चौथ्या-पाचव्या ओळीत रेघा जुळेनाशा होतात. ओली दोरी ताणून आधी जाळं पाडून घेतलं, की निम्मी डोकेदुखी संपते.

शेजारशेजारच्या आकारांत रेघांची दिशा बदलतात. सकाळचं तिरपं ऊन पडलं की एका आकारात सावली भरते, दुसरा उजळ राहतो, आणि रंग न लावताही भिंत दोन रंगांची दिसते. आम्हाला तरी दितेमाचा हा बिनरंगी प्रकारच सर्वांत देखणा वाटतो. याशिवाय गिलाव्यात गारगोट्या बसवतात, उठावाच्या नक्ष्या करतात आणि रंगवतातही.

रंग मातीचेच. तांबड्या गेरूला सेसोथोत ‘लेत्सोकू’ म्हणतात. तो रक्ताचा, जीवनाचा रंग, आणि विधींमध्ये अंगालाही लावतात. पांढरी माती शुद्धतेची. काळा रंग पावसाच्या ढगांचा, म्हणून त्यात अशुभ काही नाही. नुसता गेरू पाण्यात कालवून लावला तर सुकल्यावर कपड्यांना लागतो. त्यात तेवढीच चाळलेली चिकणमाती घातली की तो भिंत धरतो. काळ्या रंगासाठीची काजळी पाण्यावर तरंगते, मिसळत नाही. आधी थोड्या ओल्या मातीत ती घोटावी, मग पाणी वाढवावं.

हे सगळं काम बायकांचं. सेसोथोत ‘लेलापा’ या एकाच शब्दाचा अर्थ अंगणही होतो आणि कुटुंबही. फ्री स्टेटमध्ये याला आणखी एक धार होती. 1913 च्या जमीन कायद्याने काळ्या लोकांना दक्षिण आफ्रिकेच्या बहुतेक भागात जमीन घेण्याची बंदी झाली. गोऱ्या मालकांच्या शेतांवर राबणाऱ्या कुटुंबांच्या पायाखालची जमीन त्यांची नव्हती. पण बाईच्या हाताने लिंपलेल्या भिंतीवर नांगरलेलं शेत मात्र तिचंच होतं. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी होती त्या काळात काही भिंतींवर काळा, हिरवा आणि सोनेरी रंग दिसू लागला. हे त्या पक्षाचे रंग. शेजारच्या एन्देबेले बायकांची रंगीत घरं जगाला जास्त माहीत आहेत, विशेषतः चित्रकार एस्थर माहलांगू यांच्यामुळे. 1991 साली त्यांनी एक बीएमडब्ल्यू मोटारही त्या नक्षीने रंगवली. पण दोन्हींची सरमिसळ करू नये. काळ्या रेघांनी बांधलेले भडक आकार एन्देबेल्यांचे, नांगरलेल्या रेघा बासोथोंच्या.

हल्ली दुकानातला रंगही वापरतात, आणि त्यावरून नाकं मुरडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. ज्या बाईला शेतमजुरी करून घर सांभाळायचं आहे, तिने दरवर्षी गेरू खणायला जावं, हा आग्रह परक्यांनी धरू नये. अडचण वेगळीच आहे. मातीच्या भिंतीवर प्लॅस्टिकसारखा थर बसला की आतली ओल बाहेर पडत नाही, भिंत आतून भुसभुशीत होते. सिमेंटच्या गुळगुळीत गिलाव्यावर माती लावली तर पहिल्या पावसात पापुद्रा सुटतो, कारण माती फुगते-आकसते आणि सिमेंट तसं हलत नाही. सिमेंटवरच करायचं असेल तर आधी टाचे मारून ते खडबडीत करावं, आणि हा थर आतल्या खोलीतच ठेवावा.

पावसाळा तिथे साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. तो ओसरला की भिंतीचा हललेला भाग खरवडून काढतात, घट्ट असलेला तसाच ठेवतात. पायथ्याशी साचलेली जुनी नक्षी, म्हणजे आता नुसता चिखल, फावड्याने गोळा करायची, खडे वेचायचे, पाण्यात भिजत घालायची आणि ताजं शेण टाकून पुन्हा तुडवायची.