प्रमाणशीर प्रतिनिधित्व : यादीतला क्रम लावायचा कुणी?

मित्रहो, महापालिकेची निवडणूक आटोपली की वर्तमानपत्रांत 'तौलनिक संख्याबळ' हा शब्द हमखास दिसू लागतो. स्थायी समितीच्या 16 जागा पक्षांना नगरसेवकांच्या प्रमाणात मिळतात, अपूर्णांकावरून खडाजंगी होते आणि मग गटनेते बंद लिफाफ्यात नावं देतात. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे दोन्ही प्रश्न यात आले. कोणाला किती जागा, हा हिशेबाचा प्रश्न. त्यांवर कोण बसणार, हा लिफाफ्याचा प्रश्न. अभ्यासकांची चर्चा बहुतेक हिशेबावरच होते. मला लिफाफा जास्त महत्त्वाचा वाटतो.

पण हिशेब आधी पाहू. समजा पाच जागा आहेत. 'अ' पक्षाला 60 हजार मतं, 'ब'ला 27 हजार, 'क'ला 13 हजार. डी'होंट पद्धतीत प्रत्येकाच्या मतांना 1, 2, 3, 4 असं भागत जायचं आणि सगळ्यात मोठे पाच भागाकार निवडायचे. ते येतात 60, 30, 27, 20 आणि 15 हजार. म्हणजे 'अ'ला चार जागा, 'ब'ला एक आणि 'क'च्या हाती काहीच नाही. आता सँट-लाग्यू पद्धतीनं 1, 3, 5 या विषम अंकांनी भागा. पहिले पाच होतात 60, 27, 20, 13 आणि 12 हजार. 'अ' तीनवर आला, 'ब' एकावरच राहिला आणि 'क'लाही एक जागा मिळाली. मतं तीच, एकही इकडचं तिकडे झालेलं नाही. पहिली पद्धत मोठ्या पक्षाला झुकतं माप देते, दुसरी लहानाला आत येऊ देते. स्पेन पहिली वापरतो, जर्मनी दुसरी.

अर्थात, सूत्र उदार असलं तरी दार बंद असू शकतं. जर्मनीत किमान 5 टक्के मतांची अट आहे. 2025 मध्ये झारा वागेनक्नेष्ट यांच्या पक्षाला 4.98 टक्के मतं पडली आणि बुंडेस्टागमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, त्यांची एकही जागा आली नाही. लाखो मतदार तसेच बाहेर राहिले. स्पेनमध्ये अडचण वेगळी आहे. माद्रिदमधून 37 खासदार निवडले जातात, सोरियातून फक्त दोन. दोन जागा वाटायच्या असतील तर कोणतंही सूत्र आणा, प्रमाण साधणारच नाही. म्हणून पद्धतीचं नाव विचारण्याआधी एका मतदारसंघात जागा किती आहेत, ते विचारावं.

आता लिफाफ्याकडे, म्हणजे पक्षानं दिलेल्या उमेदवारांच्या क्रमवार यादीकडे वळतो. इस्राएलमध्ये सगळा देश एकच मतदारसंघ, जागा 120, आणि यादी बंद. मतदार पक्षाची चिठ्ठी पाकिटात घालतो, नावांचा क्रम त्याच्या हातात नसतो. पाचव्या क्रमांकावर कोण आणि पन्नासाव्यावर कोण, हे आधीच ठरलेलं असतं. अशा व्यवस्थेत उमेदवार कुणाची मर्जी सांभाळेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

फिनलंडमध्ये याच्या उलट आहे. मतपत्रिकेवर एक वर्तुळ छापलेलं असतं. त्यात मतदार आपल्या उमेदवाराचा क्रमांक स्वतःच्या हातानं लिहितो. नुसतं पक्षाला मत देताच येत नाही. ते मत आधी पक्षाच्या खात्यात जातं, त्यावरून जागा ठरतात, आणि यादीत वर कोण, हे व्यक्तीला पडलेल्या मतांवरून ठरतं. नेदरलँड्स या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे. तिथं 2006 मध्ये एका पक्षाच्या यादीत मार्क रुट पहिले होते आणि रिटा वेर्दोंक दुसऱ्या. मतं वेर्दोंक यांना जास्त पडली. नेतेपद रुट यांच्याकडेच राहिलं, पण मतदारांचा कौल काय होता ते साऱ्या देशानं पाहिलं.

बंद यादीच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला मनापासून पटतो. एक पुरुष, एक स्त्री असा क्रम कायद्यानं बांधून देता येतो. ट्युनिशियानं 2011 मध्ये तेच केलं. तरीही निवडून आलेल्यांत स्त्रिया निम्म्याच्या जवळपासही नव्हत्या. बहुतेक याद्यांच्या शिरोभागी पुरुष होते आणि कितीतरी याद्यांना एका मतदारसंघात एकच जागा मिळाली. दुसऱ्या क्रमांकावरची बाई घरीच राहिली. उलट फिनलंडच्या 1907 च्या पहिल्या निवडणुकीत, अशी कोणतीही सक्ती नसताना, 19 स्त्रिया संसदेत पोचल्या.

यादीशिवायही प्रमाण साधतं, आणि ती वाट आपल्या राज्यघटनेतच आहे : राज्यसभेसाठी आमदार एकल संक्रमणीय मतानं, म्हणजे उमेदवारांना पसंतीक्रम देऊन, मतदान करतात. 2022 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात सहा जागांसाठी सात उमेदवार उभे होते. पहिल्या पसंतीची मतं संजय पवार यांना 33 आणि धनंजय महाडिक यांना 27, पण निवडून आले महाडिक. त्यांच्या पक्षाच्या इतर दोघांना कोट्यापेक्षा, म्हणजे निवडून यायला लागणाऱ्या मतांपेक्षा, जास्त पडलेली मतं दुसऱ्या पसंतीनं त्यांच्याकडे वळली. आयर्लंडमध्ये हाच पसंतीक्रम सामान्य मतदार लिहितो. ही पद्धत काढून टाकायला सरकारनं 1959 आणि 1968 मध्ये सार्वमत घेतलं, आणि दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला.

आपल्या विधी आयोगानं 1999 च्या 170 व्या अहवालात लोकसभेच्या जागा 25 टक्क्यांनी वाढवून त्या यादी पद्धतीनं भरण्याचा विचार मांडला होता. असा प्रस्ताव पुन्हा आला, तर मी सूत्राबद्दल नंतर विचारेन. आधी विचारेन की यादी राज्यवार की देशभर एकच, ती मतदानाआधी किती दिवस जाहीर होणार, आणि मला नको असलेलं नाव खाली ढकलायचा अधिकार माझ्या मताला आहे की नाही.